सुई बरोबर होती

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या येनटोला प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आदरणीय डॉ. भूपेश मडावी साहेब. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, सरपंच हर्षाताई नैताम. व्यासपीठावर बसलेले तालुका कार्यालयातले मान्यवर. माझे सहकारी, आशा भगिनी, अंगणवाडीच्या ताई. आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गावोगावच्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना माधवी खोब्रागडेचा सविनय जयभीम आणि नमस्कार.

आताच आपले प्रयोगशाळा तंत्रज्ञ कुलदीपभाऊ माझ्याबद्दल खूप चांगलं बोलले. मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली नऊ जिवतीच्या डोंगरात पायी फिरून काढली, हे सगळं त्यांनी कुठून गोळा केलं कोण जाणे. मग ते म्हणाले, बाईंच्या हाताखालचा एकही क्षयरोगी उपचार अर्ध्यावर सोडून गेला नाही. हे खरं आहे. रजिस्टर काढून बघा, तसंच दिसेल. त्या रजिस्टरमधल्या एका ओळीबद्दलच मला आज बोलायचं आहे.

साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेईन. मागं स्वयंपाक अजून व्हायचा आहे, वरणाला फोडणी बसलेली नाही, तेव्हा तुम्हाला उठायची घाई नसावी.

मघाशी आपल्या केंद्रातली नवी नर्स दिव्यानी रडली. आशा रुखमाताई रडल्या. तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, सत्कार हिचा आणि हिच्याच डोळ्याला पाणी कसं नाही? खरं सांगते, मला काही वाटत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. हार गळ्यात पडला तेव्हा फुलं ओली आहेत एवढंच कळलं. असं मला सहा वर्षांपासून होतं. मुलीच्या लग्नातही झालं होतं. लोक म्हणाले, नर्सबाई मनानं घट्ट आहे. बरं म्हटलं.

तर गोष्ट २०१८ सालची आहे. भाताची रोवणी आटोपली होती. तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, ढिवरपुऱ्यातले देवाजी नान्हे खोकत खोकत आपल्या केंद्रात आले. तुमच्यातल्या पुष्कळांनी त्यांना पाहिलं आहे. तलावावर जाळं टाकणारा माणूस, पन्नाशीचा, एके काळी अंगानं दणकट. त्या दिवशी वजन भरलं एक्केचाळीस किलो. सोबत त्यांची बायको गोकुळा होती. बेडका तपासला, क्षयरोग निघाला. आपल्याकडे नियम आहे, क्षयरोग निघाला की त्या माणसाची साखर तपासायचीच. मी बोटाला टोचलं. मशीननं चारशे सव्वीस दाखवलं. मला वाटलं, मशीन बिघडलं. पुन्हा टोचलं. चारशे एकोणतीस.

देवाजीभाऊ म्हणाले, "बाई, मी तं गोडच खात नाई. चहा बी फिका पेतो. साखर आली कुठून?"

मी त्यांना माझ्या परीनं समजावलं. म्हटलं, भाऊ, हे दोन आजार एकमेकांचा हात धरून आले आहेत. रक्तात साखर जास्त असली की क्षयाचं औषध नीट लागू पडत नाही. अंगात क्षय असला की साखर खाली यायला तयार नसते. दोघांना एकदमच धरावं लागेल.

गोकुळानं विचारलं, "मंग पयले कोणाले धराचं?"

"दोघांना," मी म्हटलं.

"हात तं दोनच हायेत माये," ती म्हणाली. "एक त्याइचा, एक माया. धरू."

जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांना आठ दिवस ठेवलं. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि साखरेसाठी इन्सुलिनची सुई, सकाळ-संध्याकाळ. घरी सोडताना कार्डावर सगळं लिहून दिलं. आता आली पंचाईत. सुई द्यायची कोणी? मी रोज दोनदा सात किलोमीटर जाऊ शकत नव्हते. देवाजीभाऊंचे हात थरथरत. गोकुळाला लिहिता-वाचता येत नाही.

मी तिला सिरिंजवरच्या रेघा दाखवल्या. सकाळी चोवीस रेघा, संध्याकाळी चौदा. तिनं आधी पाणी भरून वांग्याला टोचलं. एक अख्खं वांगं तिनं सुईनं चाळणीसारखं करून टाकलं. मग म्हणाली, "बाई, वांगं बोंबलत नाई. मले कसं समजीन दुखते का?" आणि तिनं कोरी सुई घेतली, माझ्यादेखत स्वतःच्या मांडीत खुपसली. तोंड वाकडं केलं नाही. "चालते," म्हणाली.

घरी फ्रिज नाही. मडक्यात मडकं ठेवून मधल्या जागेत ओली रेती भरली, आतल्या मडक्यात डबी, डबीत इन्सुलिनची बाटली. रेती वाळू द्यायची नाही. ती दिवसातून तीनदा पाणी शिंपायची. आणि रेघा? रेघा ती नखानं मोजायची. एक-एक. शेजारीण बोलायला आली तर हात करून थांबवायची, पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मी हे स्वतः पाहिलं आहे. एकदा नाही, वीसदा तरी पाहिलं असेल. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

जेवणाचा प्रश्न निघाला. आपल्याकडे छापील कागद येतो, त्यात काय काय लिहिलेलं असतं, फळांची नावंसुद्धा अशी की आपल्या बाजारात दिसत नाहीत. देवाजीभाऊ म्हणाले, "बाई, भात सोडा म्हणान तं मी क्षयानंच मरतो, ते बरं." मी म्हटलं, सोडू नका, माप ठरवू. एक वाटी भात, मासोळी पाहिजे तेवढी, भाजी जास्त, आणि सुई घेतल्यावर उपाशी राहायचं नाही. हे शेवटचं मी शंभरदा सांगितलं. ते शंभरदा हो म्हणाले.

दोन महिन्यांनी बेडका तपासला. स्वच्छ. पण साखर अजून दोनशेच्या वर होती, म्हणून डॉक्टरांनी सुई वाढवली. सकाळी अठ्ठावीस रेघा, संध्याकाळी अठरा. मग साखर आटोक्यात आली. वजन पंचेचाळीस झालं, एकोणपन्नास झालं, बावन्न झालं. जानेवारीत ते डोंग्यात बसून पुन्हा तलावात गेले. त्या दिवशी गोकुळानं मला पसाभर झिंगे पाठवले होते.

मार्चमध्ये शेवटची गोळी झाली. त्याच आठवड्यात जागतिक क्षयरोग दिनाचा कार्यक्रम होता, शाळेच्या पटांगणात. बरा झालेला रुग्ण म्हणून देवाजीभाऊंना मंचावर बोलावलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. ध्वनिक्षेपक हातात, पाहुण्यांच्या नावांचा कागद हातात, आणि फोटोवाला घाई करत होता. तेवढ्यात गोकुळा मंचाच्या पायरीपाशी आली. माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, एक सांगतो. आठ दिवस झाले, सकायच्या पारी त्याइले दरदरून घाम सुटते. हात कापतेत. काल तं दोन घडी बोलनंच बंद झालं. मंग गूळ खाल्ला, तवा बरं वाटलं."

आता इथं नर्सिंगचं काम करणाऱ्या ज्या कोणी बसल्या आहेत, त्यांना कळलंच असेल. आजार हटला होता. अंगात ताकद आली होती. क्षयाच्या गोळ्याही थांबल्या होत्या. साखर आपोआप खाली यायला लागली होती, आणि सुई मात्र तेवढीच चालू होती, अठ्ठावीस रेघा. घाम, कापरं हे साखर फार उतरल्याचं लक्षण होतं. जिल्ह्याच्या कार्डावर हे आधीच लिहिलेलं होतं. 'उपचार संपताना इन्सुलिनचं प्रमाण पुन्हा ठरवावं.' मी ते वाचलं होतं. आठवड्यापूर्वीच वाचलं होतं, आणि कार्ड माझ्या पिशवीत होतं.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अशक्तपणा असेल गोकुळाबाई. उन्हाचे दिवस आहेत. आधी फोटो होऊ दे, मग बोलू."

फोटो झाला. चांगला आला. मग पाहुण्यांचा चहा, मग अहवाल, मग सतरंज्या मोजून परत करायच्या होत्या. गोकुळा थोडा वेळ थांबली होती म्हणे. मी म्हटलं होतं मग बोलू. ते मग काही आलं नाही. मनात होतं, शनिवारी त्या गावात लसीकरण आहे, तेव्हा जाईन.

शुक्रवारी सकाळी गोकुळानं सुई दिली, अठ्ठावीस रेघा. चुलीवर भात होता. तलावावरून हाक आली, जाळं ओढायचं आहे, माणूस कमी पडतो. देवाजीभाऊ म्हणाले, "भात होयेस्तोवर येतोच मी." आणि गेले.

पाळीवर त्यांचा शेजारी लालसू होता. त्यानं नंतर सांगितलं, देवाजी डोंग्यात मान खाली घालून बसला होता. त्याला वाटलं डुलकी लागली. हाका मारल्या तर भलतंच काही बोलला. मग एका बाजूला कलला आणि पाण्यात गेला. लालसू पोहत पोहोचला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिथं पाणी किती होतं? छातीभर.

मी दहा वाजता पोहोचले. पाळीवर त्यांना निजवलं होतं, अंगावर धोतर टाकलं होतं. मला बघताक्षणी कळलं काय झालं ते. कोणी सांगायची गरज नव्हती. ढिवराचा माणूस, पाण्यातच वाढलेला, छातीभर पाण्यात बुडतो का? लोक बोलत होते, मिरगी आली, चक्कर आली, जागा वाईट आहे. पोलीस आले, पंचनामा झाला. कागदावर कारण आलं, पाण्यात बुडून मृत्यू.

गोकुळा ओट्यावर बसली होती. भात तसाच चुलीवर करपला होता, त्याचा वास घरभर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, माया हातानं सुई जास्त झाली का?"

मंडळी, तेव्हा मला उत्तर माहीत होतं. मी पुढं होऊन म्हणायचं होतं, नाही गं, तुझी सुई बरोबर होती. तू मोजलीस तेवढीच होती. आकडाच जुना होता, तो बदलायचं काम माझं होतं. एवढंच बोलायचं होतं.

मी म्हटलं, "आता ते काही बोलू नको."

आणि घरी आले. हातपाय धुतले. जेवले. दुसऱ्या दिवशी लसीकरणाला त्याच गावात गेले, बावीस लेकरांना टोचलं. मला काही वाटलं नाही. म्हटलं ना, तेव्हापासूनच असं आहे.

रजिस्टरमध्ये देवाजी नान्हे यांच्या नावासमोर शेरा आहे, 'बरा झाला'. तो खोटा नाही. क्षय बराच झाला होता. त्यानंतर माणूस कशानं गेला, याला त्या रकान्यात जागा नाही. त्या वर्षी आपलं काम शंभर टक्के भरलं. मला कोणीही काही विचारलं नाही.

पुढं मी एक केलं. साखर असलेल्या प्रत्येक क्षयरोग्याच्या घरी शेवटच्या गोळीनंतर तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी जायला लागले. आधीही, वजन वाढायला लागलं की लगेच साखर बघायची आणि डॉक्टरांकडून सुईचा, गोळीचा आकडा बदलून आणायचा. सहा वर्षांत एकवीस माणसं झाली. नऊ जणांची सुई निम्म्यावर आली, चौघांची बंदच झाली. मडावी साहेब आल्यावर त्यांनी विचारलं, बाई, हे तुम्ही कुठं शिकलात? मी म्हटलं, सावधगिरी म्हणून करते. साहेबांनी शाबासकी दिली आणि सगळ्या केंद्रात तोच नियम केला. तुम्ही टाळ्या वाजवू नका. मी टाळ्यांसाठी सांगत नाही.

आता गेल्या महिन्यातलं सांगते.

ढिवरपुऱ्यात तपासणी शिबिर होतं. गोकुळा आली. वाळून काडी झाली होती. खोकला. बेडक्यात क्षय निघाला, साखर तीनशे ऐंशी. जिल्ह्याला पाठवलं, सुई लिहून दिली. ती चौथ्याच दिवशी घरी निघून आली. क्षयाच्या गोळ्या घ्यायची, सुईला हात लावू द्यायची नाही. दिव्यानी तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी परत येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ती बाई म्हणते, मी या सुईनं आपला नवरा मारला. सारं गाव जाणते म्हणते. मले हे औषध पचाचं नाई म्हणते."

सारं गाव जाणते. इथं बसलेल्यांनो, तुम्ही जाणत होता? सहा वर्षं ती बाई पाण्याला आली की तुम्ही काय बोलत होता, मला आता कळलंय. रोवणीला तिला कोणी बोलावत नव्हतं. तिच्या हातचा चहा कोणी घेत नव्हतं. हे मला इतकी वर्षं का कळलं नाही? कारण मी त्या गल्लीनं जातच नव्हते. लसीकरणाला जायचं तर वरच्या रस्त्यानं जायची.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ती ओट्यावर जाळं सांधत बसली होती. मी खाली बसले आणि सांगितलं. आता तुम्हाला सांगितलं तेवढंच, त्याच क्रमानं. घामाचं, कार्डाचं, फोटोचं. म्हटलं, तुझी सुई बरोबर होती. चूक माझी होती.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मी रेघा मोजल्या होत्या."

"मोजल्या होत्यास."

"अठ्ठावीस होत्या."

"अठ्ठावीसच होत्या."

"मी रोज मोजतो अजून बी. झोपाच्या पयले. डोये मिटून मोजतो. कधी अठ्ठावीस येते, कधी एकोनतीस येते." मग तिनं विचारलं, "इतके वर्स काऊन नाई सांगितलं बाई?"

मी काय सांगू? नोकरी जाईल म्हणून? तेव्हा भीती वाटली असेल. नंतर तर तीही वाटत नव्हती. मी म्हटलं, "सांगायला हवं होतं गोकुळाबाई."

ती उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मी बसून राहिले. चहा आणेल असं वाटलं. तिनं चहा आणला नाही. दारात उभी राहून म्हणाली, "गावाले कोन सांगीन?"

मी म्हटलं, "मी सांगीन. या महिन्याच्या शेवटी माझा निरोप आहे. सगळी गावं येतील."

"नाव घेऊन सांगजा. मायं बी अन् त्याइचं बी. अर्धं नोका सांगू."

"बरं."

"अन् सुई घेतो मी," ती म्हणाली. "पन तुमच्या हातची नाई. त्या पोरीले पाठवा."

मंडळी, ती आज इथं नाही. या मंडपात मी शब्द दिल्याप्रमाणे नाव घेऊन, पूर्ण सांगितलं आहे. देवाजी नान्हे आजारानं मेले नाहीत, आणि बायकोच्या हातानंही मेले नाहीत. मी ऐकून घेतलं नाही म्हणून गेले. हेच सगळं लिहून मी आज सकाळी मडावी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आहे. साहेबांनी ते वाचलेलं दिसतं, कारण मघापासून ते माझ्याकडे बघत नाहीत. साहेब, तुम्हाला जे योग्य वाटेल ते वर कळवा. निवृत्तीच्या कागदावर सही करायची घाई करू नका.

दिव्यानी, तुझ्यासाठी दोन शब्द. तू रोज गोकुळाबाईकडे जातेस, आज सकाळची साखर एकशे नव्वद होती हे तू मला सांगितलंस, बरं वाटलं. निदान वाटायला हवं होतं. जानेवारीच्या अखेरीस गोकुळाबाईची शेवटची गोळी असेल. तेव्हा मी या नोकरीत नसेन. पण तुला शेवटच्या गोळीपर्यंत थांबायचं नाही. वजन दोन किलोनं वाढलं की साखर बघ, साहेबांना दाखव, आकडा बदलून घे. ती घाम म्हणाली, कापरं म्हणाली, नुसतं बरं वाटत नाही म्हणाली, तर हातातलं सगळं खाली ठेव. समोर कोणीही पाहुणा असो. त्याला चहा दुसरं कोणी देईल.

अध्यक्ष महाराज, सरपंचताई, आपण सर्वांनी माझं एवढं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, मंडप घातलात, स्वयंपाक केलात, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. ढिवरपुऱ्यातल्या मंडळींना एकच विनंती आहे. जेवून जाताना वरच्या रस्त्यानं जाऊ नका. गोकुळाच्या दारावरून जा. चहा देईल तर घ्या. नाही दिला तरी थोडं थांबा.

भाषणात कुठं कमी-जास्त बोलले असेन, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर तेवढं आपण उदार मनानं पोटात घालावं. बाकीची माफी तुमच्याकडे मागण्यासारखी नाही, आणि जिच्याकडे मागायची होती तिनं अजून दिलेली नाही. ते तसंच राहू द्या.

जयभीम. नमस्कार.